तमादी

वकीलबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून
टेबलावर आडवं ठेवलं,
स्ट्रेचरवर माणूस ठेवतात तसं, जपून.
म्हणाल्या, व्हर्ना, प्रत्येक खोट्या बिलाला
स्वतःचं आयुष्य असतं. सहा वर्षं.
सहावा वाढदिवस उलटला की कोर्टासाठी ते मेलं.
रोज थोडी मरतात.
आत यावं की नाही म्हणून तुम्ही खाली
गाडी बंद करून बसला होतात,
ते दिवससुद्धा यातच धरायचे.

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. गेल्या गुरुवारी. त्याआधीच्याही.

मी हातातली वही सोडली नाही.
स्पायरलची, डॉलर स्टोअरमधली, कव्हरवर घोडा.
आत ब्लूफील्डच्या डोंगरांतली सगळी वळणं:
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
डायलिसिसचे पेशंट, न्यायला-आणायला ॲम्ब्युलन्स,
आणि सरकारला बिल:
अंथरुणाला खिळलेले, चालू शकत नाहीत.

होबर्ट ॲडकिन्स चालत यायचे.
चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस,
पोर्चच्या चार पायऱ्या उतरून, डबा बगलेत,
पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचे
आणि रेडिओ मोठा करायचे.
मागे स्ट्रेचर रिकामं, पट्टे आवळलेलं.
मी फॉर्मवर खूण करायची: झोपवून नेले.
पहिली खूण तीन मार्चची. पेन निळं.
डॉयल मॅकग्रॉ माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.
म्हणाला, चौकोन तर आहे.

आज चौदा मार्च.
सहा वर्षं आणि अकरा दिवस.

अकरा दिवसांत काय केलं मी?
बर्फ उपसला. नवऱ्याचं ब्लडप्रेशर मोजलं
(त्याच्या गोळ्या डॉयलच्या कंपनीच्या विम्यावर).
रविवारी चर्चमध्ये बटाट्याचं कॅसरोल नेलं,
डॉयलच्या बायकोनं रेसिपी मागितली,
मी लिहून दिली. त्याच निळ्या पेनानं.

अजून एक घड्याळ आहे, वकीलबाई म्हणाल्या.
सरकारातल्या जबाबदार अधिकाऱ्याला कळलं,
किंवा कळायला हवं होतं,
त्या दिवसापासून तीन वर्षं.
कसंही मोजलं तरी दहाच्या पलीकडे नाही.
त्यांच्यापैकी कुणाला कधी काही कळलं होतं का?

खिडकीबाहेर कोळशाची मालगाडी चालली होती,
संपता संपेना.

पत्र, मी म्हटलं.
कुणी पाठवलं?
पाच वर्षं झाली. सही नव्हती.
पत्ता डाव्या हातानं लिहिलेला,
पलीकडच्या गावच्या पोस्टात टाकलेलं.
पण बिलांचे नंबर होते त्यात. तारखा होत्या.
उत्तर आलं?
सही नसलेल्या पत्राचं उत्तर
कुठल्या दारात येणार?

त्यांनी पेनाला टोपण लावलं.
मला कायदा कळत नाही, टोपण कळतं.
अर्धंमुर्धं धाडस केलं होतं मी,
आणि त्या अर्ध्यानंच
दुसऱ्या घड्याळाला किल्ली दिली होती.

आजपासून मागची सहा वर्षं धरू, त्या म्हणाल्या,
चार हजारांवर बिलं अजून जिवंत आहेत.
उद्या गेलात तर थोडी कमी.
फिर्याद सीलबंद राहील. कुणाशी बोलायचं नाही.
ते मला जमतं, मी म्हटलं.
हसल्या नाहीत.

वहीच्या पहिल्या पानांवर पिवळी चिठ्ठी लागली:
मुदतीबाहेर.
होबर्ट तिथेच आहेत, पायऱ्या उतरताहेत.

ते गेले त्याला दोन वर्षं झाली.
शेवटच्या आठवड्यात त्यांना खरंच झोपवून न्यावं लागलं.
ती बिलं खरी होती.
फॉर्म समोर होता, पेन हातात,
आणि तो एवढासा चौकोन
कितीतरी वेळ माझ्याच्यानं भरवेना.
डॉयलनं दारातून विचारलं,
आता काय झालं?